कोऱ्या प्लेटीचे पेढे

हेमा शितोळेला राग आला की ती ओरडत नाही. भांडी घासायला घेते. घासलेली असली तरी परत घासते. आणि एरवी ज्याला 'अरे योगेश' म्हणते त्या नवऱ्याला 'अहो' म्हणायला लागते. घरात 'अहो' ऐकू आलं की योगेश पाण्याची मोटार बंद करायला गच्चीवर जातो, मोटार चालू असो नाहीतर नसो.

त्या आठवड्यात योगेशचा बराच वेळ गच्चीवर गेला.

हेमा यवतपासून आत, नदीकाठच्या गावातली. पुण्यातून जी नदी जाते तीच पुढे तिच्या गावच्या बांधाला लागून जाते. पुणं जे धुतं, जे ओततं आणि जे हगतं, ते सगळं घेऊन जाते. नदी म्हणायची लाज वाटावी असं पाणी. जलपर्णी अशी माजलेली की कुत्रं तिच्यावरून चालत पलीकडच्या काठाला जाई. म्हशी पाण्यात बसल्या की त्यांच्या कासेवर चट्टे उठत. उसाला पाणी धरलं की आईच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटे, कातडं जाई आणि खाली लालभडक मांस दिसे. आई डॉक्टरकडे गेली तर डॉक्टर म्हणाला, "साबण बदला."

आईनं साबण बदलला. तीनदा बदलला. हेमा तेव्हा शाळेत होती. साबणात नाही तर मग कशात आहे, ते आपण बघायचं, असं तिनं ठरवलं. बाकी पोरी नर्स व्हायच्या, मास्तरीण व्हायच्या गोष्टी करायच्या, हिला जंतू बघायचे होते. चुलता म्हणाला, "जंतू बघायला शिकायला कशाला लागतंय? नदीवर जा की." हेमा मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झाली आणि वारज्यात हायवेलगतच्या एका खासगी लॅबमध्ये लागली. सोसायट्यांच्या टाक्या, टँकर, हॉटेलं, बाटलीबंद पाणी, सगळं तिच्याकडे येतं. जंतूंच्या विभागात रिपोर्टवर सही तिची.

योगेश विश्रांतवाडीला एका तरण तलावावर कोच आहे. त्याचे वडील बुलढाण्याकडून कारखान्यात नोकरीला आलेले. योगेश इथंच वाढला, पाण्यातच वाढला म्हणा. त्याच्या सकाळच्या बॅचला आयटीवाली पोरं-पोरी, बँकेतून निवृत्त झालेले दोघं आणि दुर्गाबाई लिमये. दुर्गाबाई विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या, राहायला मुलीजवळ धानोरीत, पण बोलणं अजून सदाशिव पेठेतलंच. पहिल्याच दिवशी योगेशनं त्यांना काकू म्हटलं तर म्हणाल्या, "मी तुमच्या काकांशी लग्न केलेलं नाही. दुर्गाबाई म्हणा." तेव्हापासून सगळी बॅच त्यांना दुर्गाबाई म्हणते, बावीस वर्षांची ऋतिकासुद्धा.

साठीनंतर पोहायला शिकलेल्या ह्या बाईला एकच गोष्ट हवी होती. एकदा समुद्रात पोहायचं. तलावात भिंत येते आणि वळावं लागतं, त्याचा त्यांना वैताग होता. "आयुष्यभर भिंतीच बघितल्या," म्हणायच्या. म्हणून योगेशनं थंडीतला एक रविवार धरला, बस ठरवली आणि कोकणातला सावरखोलचा किनारा नक्की केला. खाडीच्या मुखाशी शांत पाणी, लाटा कमी, नवख्यांना बरं.

पण पुण्याचा माणूस कागद बघितल्याशिवाय पाण्यात पाय घालत नाही. स्वतःच्या पुलाखालून काय वाहतं ते नाक दाबून ओलांडेल, पण कोकणच्या पाण्याचा दाखला मागेल. दुर्गाबाईंनी तलावाच्या कडेला बसून विचारलं, "पाणी तपासलंय का?"

योगेश म्हणाला, "समुद्राचं पाणी कोण तपासतं?"

"तुमची बायको," दुर्गाबाई म्हणाल्या.

मग बॅचच्या वतीनं दुर्गाबाईंनीच लॅबचा अर्ज भरला, फोन नंबर तेवढा योगेशचा दिला. हेमानं निर्जंतुक बाटल्या आणि बर्फाचा डबा दिला आणि योगेश एका दिवसात जाऊन पाणी घेऊन आला. आल्यावर मजेत सांगत होता, "किनाऱ्याजवळचं नको, आतलं पाणी घे म्हणालीस ना? मी पँट वर करत बसलो तर शिंपल्यातली कालवं काढणारी एक बाई म्हणाली, द्या इकडं बाटल्या. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन भरून आणल्या. आणि पायाला काय, तर प्लॅस्टिकच्या पिशव्या, दोरीनं बांधलेल्या. बूट म्हणे."

"पिशव्या कशाला?" हेमानं विचारलं.

"मी नाही विचारलं."

अर्जात मागितल्या होत्या त्या नेहमीच्या दोन चाचण्या. सांडपाण्यातले, माणसाच्या पोटातले जंतू पाण्यात आहेत का. असले तर घाण मिसळलीय, नसले तर पाणी ठीक. जगभर हाच हिशोब. हेमानं प्लेटी लावल्या, म्हणजे जंतूंचं खाणं घातलेल्या बशांवर पाणी टाकलं, आणि उबेच्या पेटीत, इनक्युबेटरमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी काढून बघते तर सगळ्या कोऱ्या. एक ठिपका नाही. त्याच दिवशी वारज्यातल्या एका उंची सोसायटीच्या टाकीच्या प्लेटीवर पुरळ आल्यासारखे जंतू होते, आणि हा समुद्र कोरा.

तिनं योगेशला फोनवर सांगितलं. योगेशनं ग्रुपवर टाकलं, 'झिरो बॅक्टेरिया'. खाली टाळ्यांची रांग लागली. संध्याकाळी तो घेऊन आला पेढे. शून्य आलं म्हणून पेढे. शून्याला पेढे वाटणारी जमात दुसरी कुठं असेल तर दाखवा.

हेमानंही पेढा तोंडात टाकला. आणि चावता चावता थांबली.

चमचाभर समुद्रात पुण्याइतकी वस्ती असते. डोळ्याला न दिसणारी, पण असते. कुणी उजेडावर जगतं, कुणी मेलेलं खातं, कुणी खाणाऱ्याला खातं. प्लेटीवर त्यातली थोडीच उगवते, तिच्या चाचणीतली तर अगदी ठरावीक. तरीही खाडीच्या तोंडाला, जिथं वरच्या गावांची गटारं येऊन मिळतात, तिथं एकही ठिपका नाही? हे पाणी धुतलेलं नव्हतं. दुसरंच काहीतरी होतं. पेढा तिच्या तोंडात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी लॅबला जाताना ती म्हात्रे पुलाजवळ नदीपात्रात उतरली आणि मुठेचं पाणी बाटलीत भरून घेतलं. वर कठड्याला टेकलेला एकजण म्हणाला, "ताई, विसर्जन का?"

"न्हाई. तीर्थ न्यायचंय," हेमा म्हणाली.

लॅबमध्ये तिनं दोन बाटल्या शेजारी ठेवल्या. एकीत सावरखोलचं पाणी. दुसरीत आधीच्या एका कामाचं शिल्लक राहिलेलं, दुसऱ्या किनाऱ्यावरचं चांगलं समुद्राचं पाणी. दोन्हींत मुठेचे सारखेच थेंब टाकले. पुण्याच्या नदीतले जंतू म्हणजे मारल्या मरत नाहीत अशी जात. फिनेलला न जुमानणारी. रात्रभर तसंच ठेवून सकाळी तिनं दोन्हीच्या प्लेटी लावल्या आणि पुढच्या दिवशी उघडल्या. चांगल्या समुद्राच्या प्लेटीवर मुठेची प्रजा गच्च बसली होती. सावरखोलच्या प्लेटीवर काही नाही. मुठेला मारणारं पाणी होतं ते.

म्हणजे ते स्वच्छ नव्हतं, विषारी होतं. घाण दाखवणारे जंतूच त्यात जगत नव्हते, मग घाण दिसणार कशी?

मग तिनं कुणी न मागितलेलं काम केलं. खाऱ्या पाण्यातलं जे जगेल ते उगवू देणाऱ्या प्लेटीवर दोन्ही पाणी पसरलं. चांगल्या पाण्याच्या प्लेटीवर जत्रा भरली. पिवळे, केशरी, दुधी, कुणी चकचकीत, कुणी सुरकुतलेले, एक तर चुना सांडल्यासारखा. सावरखोलच्या प्लेटीवर एकच. सपाट, मळकट हिरवा, इकडून तिकडे एकच. गावातली सगळी घरं मोडून एकाच सावकारानं आवार घालावं तसा तो प्लेटभर पसरला होता. विषात बाकीचे मेले, हा तरला, आणि मोकळ्या जागेवर ह्याचंच राज्य झालं.

त्याच्यावर तिनं औषधांच्या चकत्या ठेवल्या. दवाखान्यात जखमेला देतात तीच औषधं. चकतीभोवती जंतू मरून मोकळं कडं पडायला हवं. इथं एकीभोवतीही धड कडं नाही. मळकट हिरवा चकतीला चिकटून उगवलेला. असं विष बहुधा कारखान्यातल्या धातूंचं असतं, आणि त्याच्याशी झगडताना जंतू जी हत्यारं कमावतात त्यांच्यासोबत औषधं झेलायची हत्यारंही पुष्कळदा येतात, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. समोर बघितलं नव्हतं. हा नेमका जखमेतून शिरणाऱ्या जातीचा निघाला. खाऱ्या, कोमट पाण्यात असतो. धडधाकट माणसाला फार काही करत नाही. साखर असलेल्या माणसाच्या पायाला भेग असली, तर पाय घेऊन जातो, नाहीतर माणूस.

दुर्गाबाईंना साखर होती. आणि टाचांच्या भेगा अशा, की योगेश त्यांना दर आठवड्याला म्हणायचा, मलम लावत जा.

लॅबचे मालक आगाशे सर. वाईट माणूस नाही, पण भित्रा, आणि भित्रा माणूस वाईटापेक्षा जास्त नुकसान करतो. हेमानं प्लेटी त्यांच्या टेबलावर मांडल्या आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"अर्जात हे मागितलंय?"

"नाही सर."

"मग? अर्जातल्या दोन्ही चाचण्या शून्य. पोहण्यास योग्य. मागितलं तेवढं द्यायचं. आपण लॅब आहोत, समाजसेवा नाही."

"सर, ते शून्य खोटं हाय."

"खोटं कसं? तूच मोजलंस ना?"

"मीच मोजलं. म्हणून सांगते. मेलेल्याची नाडी बघून ताप न्हाई म्हणायचं आन् खेळायला सोडायचं, असलं शून्य हाय हे." राग आला की हेमाची भाषा यवतला परत जाते. आगाशे सरांना ते माहीत होतं. त्यांनी प्लेटी तिच्याकडे सरकवल्या.

"वर खाडीत कारखाने आहेत. त्यातले काही उद्या आपल्याकडे काम देतील. तू सही करत नसशील तर मी करतो. मलाही अधिकार आहे."

आणि केली. दुपारी रिपोर्ट योगेशच्या फोनवर आला, 'पोहण्यास योग्य', खाली आगाशे सरांची वळणदार सही. योगेशनं तो लगेच ग्रुपवर पुढं ढकलला.

हेमा घरी आली आणि सरळ मोरीत गेली. कढई, तवा, कुकर. योगेश दारात उभा.

"अहो," हेमा म्हणाली, "तुम्ही ते ग्रुपवर टाकलंत?"

"तुमच्याच लॅबचा रिपोर्ट आहे."

"माझी सही दिसली त्याच्यावर?"

"हेमा, बस ठरलीय. सगळ्यांनी सुट्ट्या टाकल्यात. दुर्गाबाई तर नवीन गॉगल घेऊन आल्यात. एका प्लेटवरून सगळं कॅन्सल करू? सगळा किनारा तिथं पोहतोय."

"कोण पोहतंय? तुम्ही बघितलं?"

योगेशनं फोन खिशात टाकला.

"ती बाई पायाला पिशव्या बांधून फिरत होती. तुम्ही विचारलं न्हाई. आगाशे सरांनी विचारलं न्हाई. आईला खाजवून खाजवून रक्त यायचं, तवा डॉक्टरनं विचारलं न्हाई, साबण बदला म्हणाला. समदी शिकलेली मानसं. विचारायला काय तोंडाला लकवा मारतो?" कुकरचं झाकण तिनं इतकं घासलं की त्याचा रंग उतरला. "दुर्गाबाईच्या टाचा तुम्ही बघितल्यात. मी प्लेट बघितलीय. आता काय करायचं ते बघा."

योगेश गच्चीवर गेला नाही. तिथंच उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "मी सांगितलं तर म्हणतील, कोच घाबरला. तूच ये उद्या."

सकाळी हेमा तलावावर गेली. दोन्ही प्लेटी टेपनं पक्क्या बंद करून पारदर्शक डब्यात घातलेल्या. बॅच काठावर ओळीनं बसली होती, टोप्या घालून. योगेशनं सांगितलं, "हेमा मॅडम काहीतरी सांगणार आहेत," आणि मागं सरला.

हेमानं सांगितलं. सोपं करून सांगितलं. कोरी प्लेट, मुठेचे थेंब, जत्रा आणि सावकार. आयटीवाला तेजस म्हणाला, "पण मॅम, ऑफिशियल रिपोर्टमध्ये सेफ लिहिलंय ना? मग हे काय, सेकंड ओपिनियन?"

"रिपोर्ट जे विचारलं त्याचं उत्तर देतो," हेमा म्हणाली. "चुकीचं विचारलं तर बरोबर उत्तराचा काय उपयोग?"

"थोडं तरी रिस्क घ्यायलाच लागतं," तो हसत म्हणाला.

दुर्गाबाई इतका वेळ डबा हातात घेऊन मळकट हिरव्याकडे बघत होत्या. त्यांनी मान वर केली. "तेजस, रिस्क तुमची घ्या. माझ्या पायाची घ्यायची की नाही, मी ठरवेन." मग हेमाकडे वळून, "हा पाय घेऊन जाईल म्हणालात. औषधानं थांबणार नाही?"

"मी लावली त्यातल्या एकाही औषधानं नीट थांबला नाही."

दुर्गाबाईंनी टाच वळवून बघितली. भेगांत तलावाचं पाणी चमकत होतं.  डोळ्यांवरचा नवा गॉगल काढून त्यांनी पिशवीत ठेवला, चेन लावली. त्या आवाजानं हेमाला वाटलं, ह्या बाईचा समुद्र आपणच हिसकावून घेतला. त्याचाही राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

"तुमचे मालक किती वाजता येतात?" दुर्गाबाईंनी विचारलं.

त्या ओल्या केसांनीच रिक्षातून वारज्याला गेल्या. आगाशे सर त्यांना चहा विचारत होते.

"चहा नको. अर्जदार मी आहे, हे आपल्याला मान्य आहे ना?"

"अर्थात."

"मागितलं तेवढं द्यायचं, असा आपला नियम आहे म्हणे."

"हो, म्हणजे, तसंच असतं."

"उत्तम. मी आता आणखी मागते. त्या पाण्यात कोण मेलं, कोण उरलं, त्याच्यावर कुठलं औषध चालत नाही आणि कशानं मेलं, हे सगळं. कागदावर. सही हेमाबाईंची."

"मॅडम, ह्याला वेळ लागेल."

"मी निवृत्त आहे."

"आणि त्याचा आपल्याला काय उपयोग? आपण तर आता पोहणार नाही."

दुर्गाबाई खुर्चीत मागं रेलल्या. "मी आयुष्यभर विम्याचे कागद वाचले, आगाशे. माणसं कागदात काय आहे ते वाचतात आणि फसतात. काय नाही ते आधी वाचायचं असतं. आपल्या कागदात बरंच नाही. ते मला हवंय. उपयोग माझा मी बघेन."

आगाशे सरांना नाही म्हणता येईना. नियम त्यांचाच होता. लॅबच्या केमिकल विभागानं त्याच बाटलीतून तांबं काढलं, क्रोमियम काढलं, मर्यादेच्या कितीतरी पट जास्त. कुठल्या कारखान्याचं, ते पाणी सांगत नाही, आणि ज्यांना माहीत असतं ती माणसं त्याहून सांगत नाहीत. हेमानं रिपोर्ट लिहिला. 'पोहण्यास योग्य' ह्या ओळीच्या जागी तिनं लिहिलं, 'ह्या पाण्यात सांडपाण्याचे जंतू नाहीत, कारण ते जगू शकत नाहीत. जखम असलेल्या माणसानं ह्या पाण्यात उतरू नये.' सही केली. पेनाचं टोक कागदातून खाली टेबलाला लागलं.

बस रद्द झाली. ग्रुपवर कुणी रडकी तोंडं टाकली, कुणी दुसऱ्या किनाऱ्याची नावं सुचवली. आपलं पोहणं वाचलं, विषय संपला, अशी एकूण हवा. तेजसनं लिहिलं, 'बाल बाल बचे'. हेमानं ते वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

ठरलेल्या रविवारी योगेश पहाटे उठला आणि त्यानं एकट्यानंच मोटारसायकल काढली. रिपोर्टच्या प्रती दुर्गाबाईंनी काढून दिल्या होत्या, एक ग्रामपंचायतीला, एक प्रदूषणाच्या ऑफिसला, एक तिथल्या दवाखान्याला. चौथी कुणाला ते त्यांनी सांगितलं नव्हतं. योगेशला ते न सांगता कळलं होतं.

दुपारी त्याचा फोन आला. मागं वारा होता.

"विचारलं," तो म्हणाला.

"काय म्हणाली?"

"पायाच्या जखमा भरत नाहीत म्हणून पिशव्या. दोन वर्षं झाली. एकटी नाही, कालवं काढणाऱ्या सगळ्याच तसल्या. एकीची बोटं काढली मागच्या पावसाळ्यात. दवाखान्यात सांगतात, अनवाणी फिरू नका."

हेमा मोरीशी उभी होती. हातात पातेलं होतं, स्वच्छ. तिनं ते खाली ठेवलं.

"तिला सांग, पाण्यात उतरायचं न्हाई."

"सांगितलं."

"मग?"

"म्हणाली, तुम्ही पोहायला येणार होता, आला नाहीत, बरं केलंत. आम्ही खायचं काय ते पण ह्या कागदात लिहिलंय का, वाचून दाखवा." वाऱ्याचा आवाज आला. "हेमा, काय सांगू तिला?"

हेमानं नळ बंद केला. पलीकडून योगेश थांबून राहिला, आणि त्याच्याही पलीकडे, पायाला पिशव्या बांधलेली ती बाई थांबून राहिली होती.

"तिच्या पायाचा डॉक्टर कोण, ते विचार," हेमा म्हणाली शेवटी. "नाव घे त्याचं. नंबर घे. सगळ्या बायकांची नावं घे. त्यांच्या जखमेतला जंतू आन् माझ्या प्लेटीतला जंतू एकच हाय का, ते मी बघते. एकच निघाला तर मग ह्या कारखानेवाल्यांना पळायला जागा न्हाई."

"आगाशे सर करू देतील?"

"अर्ज कर म्हणावं तिला," हेमा म्हणाली. "मागितलं तेवढं द्यायचा नियम हाय त्यांचा. मी भरून देते."

तिनं फोन ठेवला. गॅसशेजारच्या फळीवर पेढ्यांचा पुठ्ठ्याचा डबा अजून तसाच होता, उरलेल्या पेढ्यांवर पांढरी बुरशी धरलेली. हेमानं झाकण उघडून बघितलं, बंद केलं, आणि डबा खिडकीतून खाली कचऱ्याच्या गाडीत असा नेमका टाकला की गाडीवाल्यानं मान वर करून बघितलं.